नानांना लेणी दाखवायची ठरली तेव्हा

कापसाच्या जिनात काम करणाऱ्या माणसाच्या भुवयांवर तंतू बसतात. एकदम बसत नाहीत. एकेक तंतू येतो, कळत नाही, आणि संध्याकाळी आरशात बघावं तर समोर एक म्हातारा उभा असतो. किश्शांचंही तसंच. घडतात तेव्हा कुणी त्यांना किस्सा म्हणत नाही, तेव्हा जीव टांगणीला लागलेला असतो. पुढे कधीतरी ओट्यावर चार माणसं बसतात, एक जण एक तंतू ओढतो, दुसरा दुसरा ओढतो, आणि बघता बघता ढीग होतो.

पाचोऱ्याच्या एका जिनात मी आईलमन होतो. म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांना तेल घालत फिरायचं. शाळा मी बघितली ती बाहेरून. अक्षरं शिकलो ती रुईच्या गठाणींवरच्या शिक्क्यांवरून, त्यामुळे माझं लिहिणं अजून जरा चौकोनी दिसतं. सांभाळून घ्या.

अजिंठ्याची लेणी आमच्यापासून काही विलायतेत नाहीत. छोट्या रेल्वेगाडीने पहूर, तिथून बैलगाडीने निजामाची हद्द ओलांडून फर्दापूर, पुढे जंगल आणि डोंगर. पण आम्हाला नुसतं ठरवायलाच दोन महिने लागले. आणि त्या दोन महिन्यांत मला एक दिवस नीट झोप लागली नाही. त्याचं कारण नाना.

नाना आमच्या काट्यावर होते. गावोगावच्या गाड्या यायच्या, नाना कापूस तोलायचे, आणि नानांनी सांगितलेल्या वजनावर शेतकरीही वाद घालत नसे, मालकही नाही. फाल्गुनात एक दिवस त्यांनी मला सरकीच्या ढिगामागे बोलावलं.

"सुपडू, माले दखास नही रे भो."

मला वाटलं, डोळ्यात कचरा गेला असेल. मी धोतराचं टोक पुढे केलं. नाना हसले. धुळ्याच्या डॉक्टरला ते दाखवून आले होते. आतली नस सुकत चालली होती, दोन्ही डोळ्यांची. औषध नव्हतं. पावसाळ्यापर्यंत थोडंफार दिसेल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाला होता. जिनात हे कळलं असतं तर त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं असतं. घरी बायकोला, अक्कांनाही त्यांनी सांगितलं नव्हतं. एकट्या मला सांगितलं.

नानांचे वडील तरुणपणी एका चित्रं उतरवणाऱ्या साहेबाच्या पेट्या घेऊन लेण्यांत राहिले होते. छतावर कमळं आहेत, बदकं आहेत, हत्ती उधळलाय, असं ते मरेपर्यंत सांगायचे. नाना उभा जन्म 'जाऊ पुढच्या वर्षी' म्हणत राहिले.

"बाप सांगे ते एकदाव दखी लेवानं शे," नाना म्हणाले. "मंग जावोत डोया."

मी म्हणालो, "मग जाऊ या की." तोंडातून निघून गेलं.

*

रजा घ्यायची तर बापूंना सांगावं लागे. बापू आमचे कारकून. माणूस सज्जन, पण जगातल्या प्रत्येक वस्तूपासून काहीतरी धोका आहे असं त्यांना वाटे. लेणी म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "असं उठून जाता येत नाही. मी व्यवस्था करतो. मी पण येतो." रहीमचाचा फिटर शेजारी पट्टा सांधत बसले होते, तेही म्हणाले, "मग मी पण. बापूंना सांभाळायला कुणी नको का?"

बापूंनी यादी केली. आठ दिवस करत होते. हिवतापावर कोयनेलच्या गोळ्या, साप चावला तर लावायची मुळी, दोर, कंदील दोन, कंदिलाची जास्तीची काच, जास्तीची वात, तेल, कुलूप, कुत्र्यांसाठी काठी, माकडांसाठी दुसरी काठी.

चाचा म्हणाले, "बापू, आपण लेणी बघायला चाललोय का तिथे बिऱ्हाड करायला?"

बापूंनी पान उलटलं. मागच्या बाजूला आमची सगळ्यांची नावं होती आणि प्रत्येकाच्या नावापुढे, काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं, ते लिहिलेलं होतं. माझ्या मेहुण्याचा पत्ता तर त्यांनी मला न विचारता मिळवला होता.

चाचांनी विचारलं, "आणि तुमच्या नावापुढे काय लिहिलंय?"

बापूंनी चष्मा सरळ केला आणि वाचलं, "जाणार की नाही, अजून नक्की नाही."

*

हंगाम चैत्रात संपतो. त्या वर्षी संपेना. गाड्या येतच राहिल्या. मी तेलाची झारी घेऊन यंत्रांपाशी असायचो आणि लक्ष सगळं काट्याकडे.

नाना आता दांडीवरच्या खाचा बघत नव्हते. अंगठ्याने चाचपत होते. हात इतका सवयीचा होता की चूक होत नव्हती, पण मला प्रत्येक गाडीला घाम फुटायचा. एखादा शेतकरी बघेल, बोलेल, बापू ऐकतील.

आणि एकाने बघितलंच. भडगावकडचा होता, तोंडाने फटकळ. भर रांगेत म्हणाला, "काय हो नाना, डोळे मिटून तोलता का काय?"

माझ्या हातातली झारी कलली आणि तेल माझ्याच पायावर सांडलं. बापूंनी टेबलावरून मान वर केली.

नानांचा अंगठा दांडीवरून हलला नाही. ते म्हणाले, "डोया मिटीसन तोलस, म्हनीसनच खरं तोलस. उघाडा ठेवा तं तुनं तोंड दखास, मंग दया येस."

सगळी रांग हसली. तो शेतकरीही हसला. बापूंनी मान खाली घातली आणि वजन लिहून घेतलं.

*

जंगलाची चौकशी करायची बापूंना फार घाई होती. फर्दापूरकडचा एक गाडीवान सरकी न्यायला आला, त्याला त्यांनी खुर्चीवर बसवलं. गाडीवानाला खुर्चीची सवय नव्हती, तो टोकावर बसला.

"तुमच्याकडे वाघ आहे म्हणतात."

"आहे ना."

"माणसावर येतो?"

"छे, छे. सहसा नाही येत."

"सहसा म्हणजे?"

"म्हणजे एवढ्यात नाही आला."

"एवढ्यात म्हणजे कधीपासून?"

गाडीवानाने बोटं मोजली. "सोमवारपासून नाही."

त्या दिवशी बुधवार होता. बापूंनी लेण्यांचा बेत पंधरा दिवस पुढे ढकलला. वाघाला तेवढ्यात काय फरक पडणार होता मला कळेना. मी नानांकडे बघत होतो. नाना भिंतीला हात लावत लावत पाण्याच्या रांजणाकडे चालले होते.

*

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला खानदेशात कुणी घर सोडत नाही. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. अक्कांच्याही दोघी लेकी आलेल्या, त्या परत सासरी जाईपर्यंत निघायचं नाही असं ठरलं. वैशाख भाजून काढत होता. मी रोज आभाळाकडे बघायचो. लोक ढग कधी येतो म्हणून बघतात, मी येऊ नये म्हणून बघत होतो.

अखेर दिवस उगवला. बापूंनी आम्हाला स्टेशनवर इतक्या लवकर नेलं की झाडूवाल्याने आम्हाला उठवून आमच्याखालची जागा झाडली. स्टेशनमास्तर आल्यावर बापूंनी विचारलं, "ही गाडी पहूरलाच जाते ना?" ते म्हणाले, जाते. थोड्या वेळाने बापूंनी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मास्तरांनी हातातली झेंडी खाली ठेवली.

"कारकून, रूळ एकच आहे. गाडी दुसरीकडे गेलीच तर मला पण कळवा."

गाडी सुटायच्या बेतात असताना अक्का आल्या. डोक्यावर गाठोडं, हातात भाकरीची दुरडी. नानांनी आवाजावरून ओळखलं.

"तू कसाले?"

"लेणी बघाले. तुमी जातस तठेच."

बापूंनी यादी काढली, शाईची पेन्सिल जिभेला लावली आणि पाचवं नाव घातलं. मग अक्कांना विचारलं, "तुमचं कुणाला कळवायचं?"

"ह्यांना," अक्का म्हणाल्या.

*

हद्दीवर निजामाचं नाकं होतं. शिपायाने आमची बैलगाडी थांबवली, "क्या माल है?" असं विचारलं.

बापूंची उभ्या जन्मात कुणी एवढी आपुलकीने चौकशी केली नसावी. त्यांनी यादी उघडली आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. गोळ्या झाल्या, मुळी झाली, काठ्या झाल्या. कुठली काठी कुत्र्यांसाठी आणि कुठली माकडांसाठी, तेही झालं. शिपाई आधी उभा होता, मग दगडावर बसला, मग त्याने हात जोडले.

"जाओ, बाबा, जाओ."

बापू दुखावले. गाडी हलली तरी मागे वळून ते सांगत होते, "अजून बरंच राहिलंय."

*

पुढे चढ लागला तसे अक्का आणि मी गाडीतून उतरून मागून चालू लागलो. नाना, चाचा, बापू गाडीतच. दोन्ही बाजूंना पळस आणि साग, पानं सगळी गळलेली. पाचोळ्यात काही वाजलं की गाडीवरून बापूंचा आवाज यायचा, "कोण आहे?" आणि चाचा उत्तर द्यायचे, "सोमवारचाच आहे."

चालता चालता अक्का म्हणाल्या, "सुपडूभाऊ, माले बठ्ठं माहीत शे."

मी ओळखलं, पण न ओळखल्यासारखं केलं.

"सहा महिना व्हयनात," अक्का म्हणाल्या. "घरमानी एक वस्तू मी जागावरून हालावी नही. लोटा तठेच, जोडा तठेच, पाट तठेच. आखाजीले पोरी येलत्यात, त्यासना मांगे फिरी फिरी मी बठ्ठं परत जागावर ठेवं."

मी विचारलं, "मग नानांना सांगितलं का नाहीत, की तुम्हाला ठाऊक आहे?"

"त्यासनी माले सांगं नही, ते माले वाईट वाटू नये म्हनीसन. मंग मी कशी सांगू?"

गाडीची चाकं करकरत होती. आईलमनच्या कानाला ते सहन होत नाही, पण त्या वेळी मला ऐकूच आलं नाही. अक्कांनी सांगितलं की उन्हात गेलं की नानांच्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं होतं आणि सावलीत गेलं की सगळं काळं. मधला उजेड असला तरच काही दिसतं. तसा उजेड घरात कधी असतो, कधी नसतो.

"लेण्यात कसा राहास?" त्यांनी मला विचारलं.

मला कुठे माहीत होतं. मी म्हणालो, "चांगला असेल."

*

लेण्यांत अंधार होता.

दारातून चार पावलं गेलं की खांब दिसत, त्यापुढे विहिरीत बघितल्यासारखं. अक्का माझ्याकडे बघत होत्या, मी जमिनीकडे. पण बापू खुशीत होते. एवढे दिवस सगळे त्यांच्या यादीला हसले होते. त्यांनी दोन्ही कंदील काढले, पुसले, तेल घातलं, वाती सारख्या केल्या.

"हं, पेटवा," ते म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मी नानांकडे, नानांनी खिसे चाचपले. काडेपेटी कुणाकडेच नव्हती.

तुम्ही म्हणाल, पाच माणसांत एक काडेपेटी नाही? पण जिनात एक ठिणगी म्हणजे सगळं खलास. आम्ही बिडी ओढत नव्हतो, तंबाखू खायचो. रोज फाटकावर खिसे उलटे करून दाखवायचे, आणि ते तपासणार कोण, तर बापू. वीस वर्षं ते ज्या वस्तूसाठी लोकांच्या खिशांची झडती घेत होते, ती स्वतःच्या हाताने यादीत लिहायचं त्यांना सुचलंच नाही. काच जास्तीची, वात जास्तीची, तेल भरपूर, आणि काडी नाही.

लेण्यांचा म्हातारा चौकीदार मजा बघत उभा होता. तो म्हणाला, "अच्छा हुआ. अंदर आग नक्को. हुकूम है." धुराने चित्रं काळी पडतात म्हणून कुणालाच कंदील आत नेऊ देत नव्हते.

मग काय, तसेच आत गेलो. जुन्या भिक्षूंच्या राहायच्या खोल्या आतल्या भिंतीत कोरलेल्या आहेत. बापूंचं कपाळ पहिल्याच खांबाला आपटलं. चाचा उंबऱ्याला अडखळले. मी तर हात पुढे करून जागेवरच उभा. तेवढ्यात माझा हात कुणीतरी धरला.

"आठे पायरी शे. जपीसन," नाना म्हणाले.

नाना पुढे, त्यांच्या खांद्यावर माझा हात, माझ्या खांद्यावर चाचांचा, मग बापू, शेवटी अक्का. नाना एका हाताने भिंत चाचपत सगळं सांगत होते. इथे कोपरा. इथे दार, वाका. हा दगडाचा ओटा, झोपायचा. ही उशी, तीपण दगडाची.

अक्कांनी चारही भिंती हाताने बघून घेतल्या. "चूल कोठे शे?" त्यांनी विचारलं.

चौकीदार बाहेरून म्हणाला, इथे भिक्षू राहायचे, भिक्षा मागून खायचे, बायका नव्हत्या.

"तरीच," अक्का म्हणाल्या. "एवढ्या खोल्या, आणि फडताळ एकात नही."

त्याच रांगेने नानांनी आम्हाला बाहेर आणलं. उजेडात आल्यावर बापू कपाळ चोळत नानांसमोर उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, संपलं, कळलं ह्यांना.

"नाना," बापू म्हणाले, "काय नजर आहे हो तुमची. आम्हाला स्वतःचा हात दिसेना."

"काट्यावर बसस ना," नाना म्हणाले.

*

पण छत काही दिसलं नव्हतं. ज्यासाठी आलो ते राहिलंच होतं.

मी चौकीदाराला बाजूला घेऊन विचारलं. त्याने सांगितलं की साहेब लोक येतात तेव्हा अंगणात पांढरी चादर धरतात. उन्हं कलली की ऊन अंगणात येतं, चादरीवर पडून आत जातं, आणि मग छत दिसतं. घटकाभर चालतं, मग ऊन डोंगराआड जातं. त्याची चादर मात्र फाटली होती.

अक्कांनी गाठोडं सोडलं. नानांचं एक जास्तीचं धोतर होतं, स्वच्छ धुतलेलं. चाचांनी एक टोक धरलं, मी दुसरं. बापू मधोमध खाली बसून काठ ताणून धरू लागले. आम्ही उन्हात भाजत उभे राहिलो. आभाळात एक ढगाचा तुकडा आला होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

ऊन आलं. धोतरावर पडलं, आणि चाचांनी टोक जरा तिरकं केलं तसा उजेड दारातून आत सरकला. प्रखर नव्हता, मंदही नव्हता. आत नाना उभे होते, त्यांच्यापुढे दोन हातांवर अक्का, आणि चौकीदार काठीने वर दाखवत होता.

"ऊपर देखो, नाना. ये कमल. ये बदक. वो हाथी."

"दिसतंय का हो?" बापूंनी खालून मला विचारलं. त्यांना मान वळवता येत नव्हती. मी माझी वळवून बघितली.

चौकीदाराची काठी छताकडे होती. नानांची मान सरळ होती. त्या उजेडात अक्का उभ्या होत्या, कपाळावरून पदर घसरलेला, केस पांढरे, नाकात नथ, आणि नाना त्यांच्याकडे बघत होते.

"अहो, मन्हा तोंडाकडे काय दखतस?" अक्का हळूच म्हणाल्या. "लोक दखतस. वर दखा."

"थांब," नाना म्हणाले. "हालू नको."

चौकीदाराने काठी दोनदा छताकडे नेली आणि खाली घेतली. मग दारात येऊन मला म्हणाला, "तस्वीरां ऊपर हैं. ये क्या देख रहे?"

शेजारून चाचा म्हणाले, "सुपडू, कापड नीट धर. उजेड हलतोय."